वाइड लेन्स आणि ‘फसवे’ फोटो : एक खुलासा

फ्लॅट विकायला काढला की मुंबईत एक समज हमखास ऐकू येतो : व्यावसायिक छायाचित्रकार वाइड लेन्स (एका फोटोत जास्त रुंद दृश्य मावणारी) लावून दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दाखवतो, त्यापेक्षा मोबाइलचे फोटो प्रामाणिक. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. आजच्या अनेक फोनमधील ०.५ एक्स लेन्स फुल-फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशेबाने सुमारे १३ मिमीची असते, तर घरांच्या छायाचित्रणात साधारणपणे १६ ते २४ मिमीच्या लेन्स वापरतात. आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त वाइड; म्हणजे कडेला उभा असलेला फ्रिज जास्त ताणला जातो तो फोनमध्येच. छायाचित्रकाराला पैसे द्यायचे ते मुख्यतः उजेडासाठी. दादरच्या एखाद्या जुन्या इमारतीत भर दुपारी खिडकीचे बॉक्स ग्रिल पांढरेफटक पडते आणि पलंगाकडचा कोपरा काळवंडतो, म्हणून तो ट्रायपॉडवर कॅमेरा छातीच्या उंचीला, भिंती तिरक्या दिसणार नाहीत असा सरळ लावतो आणि कमीअधिक एक्स्पोजरचे (म्हणजे काही उजळ, काही गडद) तीन ते पाच फोटो काढून ते एकत्र करतो. (दोरीवरचे कपडे मात्र घरमालकानेच आधी काढलेले बरे.) राहिला आकाराचा प्रश्न, तर तो कोणत्याच फोटोवरून ठरवू नये, नव्या नोंदणीकृत प्रकल्पात २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे घरातले प्रत्यक्ष वापरायचे क्षेत्रफळ, जाहीर करावा लागतो, आणि जुन्या घरात टेप लावून मोजून घ्यावे.