मुतखड्याच्या बिलावरचे कोड: पार्श्वभूमी

कोल्हापुरात मुतखड्याचा रुग्ण घरी परतला की शेजारीपाजारी 'खडा काढला का?' एवढेच विचारतात. बिलाच्या खिडकीवर मात्र खडा नेमका कुठे होता, कोणत्या मार्गाने काढला आणि आत नळी ठेवली का, या प्रत्येक गोष्टीची वेगळी नोंद मागितली जाते, कारण मंजूर होणारी रक्कम त्यावर ठरते.

सुश्रुतसंहितेत अश्मरी, म्हणजे मुतखडा, छेद घेऊन काढण्याचे वर्णन आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोठ्या खड्यावर मुख्य इलाज उघड्या शस्त्रक्रियेचाच होता. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत वाट करून खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. आज त्याला पीसीएनएल म्हणतात. १९८० मध्ये म्युनिकला ख्रिश्चन शाउसी यांनी विमाने बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीच्या यंत्राने, चीर न देता, बाहेरून आघात-लहरी सोडून रुग्णाचा खडा फोडला. त्याच सुमारास मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, दुर्बीण घालण्याचे तंत्रही रुळू लागले. एकाच आजारावर असे तीन मार्ग झाले, आणि प्रत्येकाची यंत्रे, भूल व मुक्काम वेगळा असल्याने एकच दर लावणे अन्यायाचे ठरू लागले.

आजारांचे वर्गीकरण याहून जुने आहे. झाक बर्टियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेली यादी मृत्यूची कारणे मोजण्यासाठी होती. १९४८ मध्ये तिची धुरा जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. त्यामुळे तिच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, एन२०.० म्हणजे मूत्रपिंडातला खडा, एन२०.१ म्हणजे मूत्रवाहिनीतला, एवढे कळते. खडा डावा की उजवा, किती मिलिमीटरचा आणि कसा काढला, हे त्यातून कळत नाही. शस्त्रक्रियेचे वेगळे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ पासून प्रसिद्ध केले. तिथे दुर्बिणीतून खडा फोडून त्याच वेळी नळी ठेवण्यासाठी २०१४ मध्ये ५२३५६ हा एकत्र कोड आला.

आपल्याकडे ही अमेरिकी पद्धत जशीच्या तशी आली नाही. १९८६ मध्ये मेडिक्लेम सुरू झाला, २००१ मध्ये टीपीएंसाठी (विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थांसाठी) नियम झाले आणि रुग्णालयाने भरायच्या दाव्याच्या अर्जात आयसीडी-१० चे रकाने आले. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोल्हापूर २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात आले. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. तिच्यात प्रत्येक उपचाराचे पॅकेज ठरलेले असते. राधानगरी किंवा गगनबावड्याहून रेशनकार्ड घेऊन आलेला माणूस आरोग्यमित्रापुढे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसापुढे, बसतो, तेव्हा पॅकेज निवडायला बहुधा सोनोग्राफी आणि एक्स-रे हाताशी असतात.

म्हणूनच डिस्चार्ज कार्डावर नुसते 'मुतखडा शस्त्रक्रिया' लिहिणे मला अपुरे वाटते. 'डावी मूत्रवाहिनी, वरचा भाग, ९ मिमी, दुर्बिणीतून लेसरने फोडला, डीजे स्टेंट ठेवला' असे लिहिले की टीपीएच्या शंकेला तिथेच उत्तर मिळते. स्टेंट (आत ठेवलेली ती नळी) ठेवल्याची तारीख तर हवीच. तो काही आठवड्यांनी काढावा लागतो, आणि ते काढणे पहिल्याच पॅकेजात धरले आहे की त्याचे बिल वेगळे होणार, हे योजनेनुसार आणि पॉलिसीनुसार बदलत असल्याने नातेवाइकांनी दाखल होतानाच खिडकीवर विचारून घ्यावे.