सायकलीचं श्रेय, तीन वजाबाक्यांनंतर

‘मुलींना सायकली दिल्या, शाळेतला पट वाढला’ अशी बातमी वाचली की मला आधी शंका येते. पट सायकलीमुळेच वाढला हे कशावरून? त्याच काळात रस्ते झाले असतील, नवे वर्ग निघाले असतील, घरात चार पैसे जास्त आले असतील.

बिहारमध्ये 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम ज्या युक्तीने मोजला, ती मला बेहद्द आवडते. योजना राज्यभर एकदम लागू झालेली. मग तुलना करायची कोणाशी?

पहिली वजाबाकी वयाची. 14-15 वर्षांच्या मुलींना सायकल मिळू शकत होती, 16-17 वर्षांच्या मुलींची ती संधी हुकली होती. दोन्ही गटांतल्या किती जणी नववीपर्यंत पोचल्या, त्यातला फरक काढा. पण धाकट्यांमध्ये शिक्षणाचं प्रमाण एरवीही जास्तच असतं. म्हणून दुसरी वजाबाकी: हाच फरक मुलग्यांमध्ये काढायचा (त्यांना तेव्हा सायकल नव्हती) आणि मुलींच्या फरकातून वजा करायचा. मुलगा-मुलगी दोघांसाठी सारखंच जे बदललं, ते इथे गळून पडतं. तरी एक पाचर राहतेच. मुलींचं शिक्षण मुलांपेक्षा वेगाने वाढण्याचा कल तसाही असेल तर? त्यासाठी शेजारचं झारखंड. 2000 पर्यंत दोन्ही मिळून एकच राज्य, पण ही योजना झारखंडात नव्हती. तिथली दुहेरी वजाबाकी बिहारच्या दुहेरी वजाबाकीतून वजा केली की उरतो तो सायकलीचा वाटा.

उरलं किती? मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, मुलगा-मुलगी तफावत 40 टक्क्यांनी घटली. (हे टक्के मूळ आकड्याच्या मानाने, शंभरातल्या आणखी 32 मुली असा अर्थ नाही.) आणि खरी मजा पुढे आहे. ही वाढ मुख्यतः माध्यमिक शाळा 3 किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत दिसली. नुसत्या पैशाच्या आमिषाने मुली आल्या असत्या, तर शाळेशेजारच्या गावांतही तशीच वाढ दिसायला हवी होती. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली 18 टक्क्यांनी वाढल्या, उत्तीर्ण होणाऱ्या 12 टक्क्यांनी.

मुलींना न शिकवण्याची कारणं ‘शास्त्रीय’ भाषेत सांगायची हौस जुनी आहे. 1873 मध्ये एडवर्ड क्लार्क या अमेरिकन डॉक्टरने लिहिलं की अभ्यासात शक्ती खर्च झाली की मुलींचं गर्भाशय दुबळं राहतं. मेरी पुटनम जॅकोबी या डॉक्टरबाईंनी बायकांकडून माहिती गोळा करून एका निबंधात ते खोडलं आणि 1876 मध्ये त्याच निबंधावर हार्वर्डचं पारितोषिक मिळवलं. मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने होणारा गाजावाजाही तपासूनच घ्यावा. पाळीमुळे मुलींची शाळा बुडते हे सगळे धरूनच चालतात. नेपाळमधल्या एका प्रयोगात मात्र 180 दिवसांच्या वर्षात त्यापायी सरासरी अर्धा दिवसही बुडत नव्हता, आणि पाळीत पॅडऐवजी वापरायचे कप दिल्यावर हजेरीत फरक पडला नाही. पाळीची साधनं मुलींना मिळायलाच हवीत, पण हजेरीच्या नावाखाली कशाला?

अंतराचा पुरावा अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातूनही आला. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडून काही गावांत आधी शाळा काढली. मुलींची नोंदणी मुलांपेक्षा 21 टक्केबिंदूंनी (म्हणजे इथे शंभरामागे 21 ने) मागे होती. शाळा गावातच आल्यावर ती दरी मिटली. पण त्या प्राथमिक शाळा, एका खोलीत नि एका शिक्षकावर चालू शकणाऱ्या. नववी-दहावीला विषयवार शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते. ते दर गावात उभं करणं परवडत नाही, म्हणून तिथे सायकल.