ग्रुप म्हणजे नक्की कोणता?

परवा सकाळी फोनवर निरोप आला : ‘अर्जंट! आपल्या ग्रुपमध्ये कुणाचा ग्रुप ओ निगेटिव्ह आहे का?’ एका वाक्यात ग्रुप दोनदा, आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा. तरी वाचताना कुणी अडखळलं नाही. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे आमचे काकाही ‘माझा बी पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून मोकळे झाले.

इंग्रजीत हा शब्द फार जुना नाही. इटालियनमध्ये ‘ग्रुप्पो’ म्हणजे गाठ. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि १७व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला तो चित्रकलेच्या वाटेने. चित्रात किंवा शिल्पात चार-सहा आकृत्या अशा गुंफलेल्या असतात की नजर त्यांना एकच मानते. त्या जुळणीला ग्रुप म्हणत. माणसांच्या घोळक्याला हे नाव पुढे चिकटलं. मला यातली गाठ मोलाची वाटते. मेथीच्या काड्या शेजारी शेजारी पडल्या म्हणून जुडी होत नाही, कुणीतरी त्यांना बांधावं लागतं. विज्ञानाच्या प्रत्येक शाखेने हा शब्द उचलला आणि बांधायला दोरा मात्र आपापला घेतला.

रसायनशास्त्राचा दोरा शाळेतच भेटतो. आवर्तसारणीत १८ उभे स्तंभ, त्यांना मराठी पुस्तकांत गण म्हणतात. सोडियम आणि पोटॅशियम पहिल्या गणात, कारण दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन. म्हणून पाण्यात टाकले की दोघांचा धिंगाणा एकाच जातीचा. हायड्रोजनही त्याच स्तंभात, पण वायू असल्यामुळे भाडेकरूसारखा वाटतो.

गणितातला ग्रुप याहून चमत्कारिक. एव्हारिस्त गाल्वा हा फ्रेंच तरुण १८३२मध्ये, वयाच्या अवघ्या २०व्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेला. त्याने समीकरणांची उत्तरं आपसांत अदलाबदल करून पाहताना हा शब्द वापरला आणि तो गणितात रुजला. इथे वस्तूंपेक्षा कृती महत्त्वाच्या. कॅरम बोर्ड घ्या. कंपनीचं नाव सोडलं, तर पाव फेरी फिरवला तरी तसाच दिसतो. अर्धी फेरी, पाऊण फेरी, तेच. न फिरवणं ही चौथी कृती. आता पाव फेरीवर अर्धी चढवा, पाऊण होते. पाऊण फेरीवर अर्धी चढवा, सव्वा होते, म्हणजे बोर्ड शेवटी पाव फेरीवरच येऊन थांबतो. कितीही फिरवा, या चौघींच्या बाहेर जाता येत नाही. शिवाय केलेलं निस्तरताही येतं : पाव फेरी पुसायला पाऊण आहेच. अशा बांधणीला गणिती ग्रुप म्हणतो. नुसत्या गोळा केलेल्या गोष्टींना तो संच म्हणेल, ग्रुप म्हणणार नाही.

राहिला रक्ताचा ग्रुप. कागदावर ‘रक्तगट’, तोंडात मात्र ‘ग्रुप’च. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने आपलं आणि सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही जोड्यांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत नाही. १९०१मध्ये त्याने ए, बी आणि सी असे तीन गट मांडले. सीचा पुढे ओ झाला, एबी दुसऱ्यांनी वर्षभरात शोधला. तांबड्या पेशीवर कोणती खूण आहे, हा इथला दोरा.

ए आणि बी या खुणा थेट पेशीवर बसत नाहीत. खाली ‘एच’ नावाचा पाया लागतो. ओ गटाच्या माणसाकडे नुसता पाया असतो, वर काहीच चढवलेलं नसतं. मग ज्याच्याकडे पायाच नाही त्याचं काय? अशी माणसं १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या मुंबईत सापडली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि गटाला नाव पडलं बॉम्बे. शहराचं नाव १९९५मध्ये बदललं, रक्ताचं तेच राहिलं.

पेशींच्या नेहमीच्या चाचणीत हा गट ओ म्हणून खपून जातो, कारण ए नाही आणि बीही नाही. पण या माणसाच्या शरीराला एच परका असल्याने रक्तद्रवात त्याच्या विरोधातली प्रतिद्रव्यं तयार असतात. सगळ्यांना चालतं असं समजलं जाणारं ओ निगेटिव्ह याला दिलं, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रयोगशाळेत उलटी चाचणीही करतात : रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींवर टाकायचा. गुठळ्या झाल्या की तंत्रज्ञ सावध होतो.

आणखी एक गंमत, म्हणजे घरच्यांसाठी गंमत नव्हे. पाया नसला तरी ए किंवा बीचं जनुक आत दडलेलं असू शकतं. जोडीदाराकडून पाया मिळाला की ते मुलात उघडं पडतं. त्यामुळे कागदोपत्री ‘ओ’ असलेल्या बापाचं मूल एबी निघू शकतं, आणि शाळेत आनुवंशिकतेचे तक्ते शिकलेली मंडळी आईकडे पाहू लागतात. तिथे आधी बापाचं रक्त पुन्हा तपासायला हवं, या वेळी एचसाठी.