डिस्नी-युनिव्हर्सलचा वार्षिक पास आणि हॉटेलची सूट: बुकिंगआधी एवढं वाचा

(आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ओरलँडो-टँपा भागातल्या ग्राहकांसाठी)

डिस्नी किंवा युनिव्हर्सल थीम पार्कचा वार्षिक पास असणाऱ्यांना त्यांच्या हॉटेलांच्या भाड्यात सूट मिळते, पण नेहमीच्या दराने खोली घेऊन काउंटरवर पास पुढे केला तर दर बदलून मिळत नाही. खोली पासधारकांच्या दरानेच बुक झालेली असावी लागते. आधीचं बुकिंग त्या दरात वळवता येतं, मात्र त्या दराच्या खोल्या शिल्लक असतील तरच. अशा खोल्या मोजक्या असतात आणि त्याही ठराविक हॉटेलांत, ठराविक तारखांना. म्हणून "किती टक्के सूट?" याचं उत्तर आम्ही तारखा कळल्याशिवाय देत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खोलीत कोण राहणार यावरून. पास मुलाचा असतो, खोली भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी घेतलेली असते आणि मुलगा त्यांना सोडून संध्याकाळी घरी परतणार असतो. डिस्नीच्या हॉटेलात हे चालत नाही. पासधारक स्वतः तिथे मुक्कामाला असावा लागतो आणि चेक-इनला चालू पास व फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. ते नसेल तर हॉटेल नेहमीचा दर लावू शकतं. दुपारी ३ वाजता आई-बाबा लॉबीत बॅगांजवळ बसलेले आणि मुलगा ऑफिसातून आम्हाला फोन करतोय, अशी वेळ आली की आमच्याही हातात फारसं काही उरत नाही. त्या क्षणी दुसऱ्या सवलतीची खोली मिळेलच असं नसतं.

त्यामुळे पासधारक खरोखर रात्री राहणार आहे का, हे आम्ही आधी विचारतो. राहणार असेल तर बुकिंग त्याच्याच नावावर करतो. राहणार नसेल तर सर्वांसाठी खुली असलेली सवलत शोधतो. फ्लोरिडा रहिवाशांचा दरही इथे कामाचा नाही, कारण त्यालाही रहिवासी माणूस खोलीत लागतो. एका पासवर दोन खोल्या हव्या असतील तर त्या ऑफरची अट आधी वाचावी लागते. शिवाय पास, डिस्नीचं खातं आणि ओळखपत्र यांवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. एकीकडे 'कुलकर्णी' आणि दुसरीकडे 'कुळकर्णी' झालं की शोधाशोध सुरू होते.

दुसरी गोष्ट तारखांची. खोली सवलतीत मिळाली म्हणजे त्या दिवशी पासवर पार्कात प्रवेश मिळेलच असं नाही. डिस्नीचा सगळ्यात स्वस्त वार्षिक पास, पिक्सी डस्ट, शनिवार-रविवारी चालत नाही आणि हॉटेलात राहिल्याने ही बंदी उठत नाही. पार्कात जाण्याच्या दिवसांची आरक्षणं एका वेळी पिक्सी डस्टवर ३, पायरेटवर ४, सॉर्सरर आणि इन्क्रेडी पासवर ५ ठेवता येतात (हे चारही डिस्नीच्या वार्षिक पासचे प्रकार). डिस्नीच्या हॉटेलात मुक्काम असेल तर मुक्कामाच्या दिवसांसाठी त्याहून जास्त मिळतात, पण त्यासाठी हॉटेलचं बुकिंग त्याच डिस्नी खात्याला जोडलेलं हवं. बरेच जण ते जोडायचं विसरतात.

हिशोब करताना कर धरा. समजा भाडं २४० डॉलर आणि सूट २० टक्के, तर भाडं १९२ होतं. ऑरेंज काउंटीचा १२.५ टक्के कर धरून रात्रीचे २१६. सूट नसती तर हेच २७० झाले असते. डिस्नीच्या हॉटेलात रात्रीच्या पार्किंगचे पैसे नाहीत आणि रिसॉर्ट फी (भाड्यावर हॉटेल वेगळी लावतं ती रक्कम) हीही नाही, म्हणून बाहेरच्या 'स्वस्त' हॉटेलाशी तुलना करताना त्याच्या या दोन्ही रकमा मिळवून बघा. एका खोलीवर दोन सवलती एकत्र लागत नाहीत. कधी कधी खुली सवलतच पासच्या दरापेक्षा बरी निघते. आम्ही दोन्ही दर काढून दाखवतो.

युनिव्हर्सलचं गणित वेगळं आहे. पोर्तोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या सगळ्यांना एक्सप्रेस अनलिमिटेड (राइडची नेहमीची रांग टाळणारा पास) मिळतो, येण्याच्या आणि निघण्याच्या दिवशीही. एका रात्रीत दोन दिवस रांगा टळतात. पासधारकाचा दर मिळाला तर प्रीमियर (युनिव्हर्सलचा सगळ्यात वरचा वार्षिक पास) नसलेल्या कुटुंबाला हा सौदा आम्हाला सगळ्यात चांगला वाटतो. (प्रीमियर पासवरचा एक्सप्रेस दुपारी ४ नंतरच सुरू होतो.) मात्र हॉटेलचा हा एक्सप्रेस मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या पार्कात चालत नाही आणि पार्कचं तिकीट किंवा पास वेगळा लागतोच.

पासचा फोटो आम्ही दर सांगण्याआधीच मागतो, याचा काहींना राग येतो. मुदत मुक्कामाच्या मधेच संपते का आणि पास चालू केलेला आहे का, हे आम्हाला त्यावरूनच कळतं. डिस्नीच्या बुकिंगला आम्ही वेगळे पैसे घेत नाही, आमचं कमिशन डिस्नीकडून येतं. नंतर नवी सवलत निघाली तर तुमचं बुकिंग तीत वळवण्याचा प्रयत्न आम्हीच करतो, कारण आमच्यामार्फत केलेलं बुकिंग बदलायला तुम्ही थेट डिस्नीला फोन केलात तर ते तुम्हाला परत आमच्याकडेच पाठवतात. डिस्नीचं तिकिटांशिवाय नुसत्या खोलीचं बुकिंग असेल आणि ते रद्द करायचं असेल तर येण्याच्या किमान ५ दिवस आधी कळवा, म्हणजे एका रात्रीची अनामत परत मिळते.

चौकशी करताना तारखा, खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मुलांची वयं आणि पासचा फोटो एकदमच पाठवा. पासचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आमच्या कार्यालयाच्या नंबरवरच पाठवा.