पट्टा बाधला की गोचीड ताप आला?

गोचीड मारणारा औषधी पट्टा गळ्यात घातला आणि आठ-दहा दिवसांत कुत्रं मलूल झालं की घरात एकच बोललं जातं, पट्टा बाधला. गेल्या पावसाळ्यात सांगलीत, हरिपूर रस्त्यावरच्या आमच्या घरीही हेच झालं. मोतीचा पट्टा काढून कोनाड्यात ठेवला, खाजवून लाल झालेल्या मानेला हळद लावली आणि दोन दिवस वाट पाहिली. ते दोन दिवस वाया गेले. मोतीला गोचीड ताप होता.

पट्ट्याचा त्रास बहुतेकदा पट्टा टेकतो तिथेच दिसतो. मानेवरचे केस बाजूला सारले की पट्ट्याच्या रुंदीएवढी लाल पट्टी दिसते. केस गळालेले, कधी कातडी ओलसर, चिघळलेली. कुत्रं मागच्या पायाने सारखी मान खाजवतं, पण भाकरी पुढे ठेवली की खातं, दारात कुणी आलं की भुंकतं. पट्टा आवळून बांधला असेल तर नुसत्या घासण्यानेही असं होतं. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. सैल करूनही लाली वाढत गेली तर औषध सोसलेलं नाही असं समजावं. पट्टा काढावा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने मान धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावं.

कुत्र्याने पट्टा चावून गिळला तर मात्र धोका मोठा. काही पट्ट्यांत फ्लुमेथ्रिन असतं, त्याने लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं. काहींत अमिट्राझ असतं, त्याने कुत्रं गुंगीत जातं, ठोके मंदावतात, अंग गार पडतं. औषधाप्रमाणे उपचार बदलतात, म्हणून दवाखान्यात जाताना पट्ट्याचं पाकीट बरोबर न्यावंच.

गोचीड ताप ही वेगळीच गोष्ट. तपकिरी गोचीड चावताना एर्लिशिया नावाचे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडतो आणि लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. घोटाळा होतो तो इथेच. आपल्याला पट्टा आठवतो तो कानात गोचीड दिसल्यावर. तोवर ते चावून मोकळे झालेले असतात. पट्टा पुढचे गोचीड मारतो, रक्तात शिरलेल्या जंतूंना त्याचा काही उपाय नाही.

म्हणून मानेवर लाली दिसली तरी तेवढ्यावर थांबू नका, थर्मामीटर लावा. नाक कोरडं की ओलं, यावरून ताप कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, मोतीचं 104 च्या वर होतं. मग ओठ उचलून हिरड्या बघा. फिक्या पडल्या असतील, पोटावर किंवा मांडीच्या आत बारीक लाल ठिपके असतील, नाकातून रक्त आलं असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्या. असे ठिपके आणि नाकातलं रक्त ही रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटल्याची खूण असते. लघवी कॉफीसारखी गडद झाली तर बॅबेसिया या रक्तातल्या दुसऱ्या जंतूंच्या आजाराचाही संशय घेतात. तोही गोचिडांमुळेच होतो.

हळद लावू नका, हे मी कळकळीने सांगते. हळदीच्या गावात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण मोतीची सगळी मान पिवळी झाल्यामुळे डॉक्टरांना कातडीचा खरा रंगच दिसेना. शेवटी त्यांनी डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहून कावीळ नसल्याची खात्री केली.

एर्लिशियासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. चार-पाच दिवसांतच मोती अंगणात पळायला लागला, तरी आम्ही गोळ्या बंद केल्या नाहीत.

मानेची लाली गेल्यावर डॉक्टरांना विचारून कोनाड्यातला पट्टा पुन्हा त्याच्या गळ्यात घातला, या वेळी दोन बोटं घालून बघून. आणि तो ज्या भिंतीला टेकून झोपतो, तिच्या भेगा बॅटरीच्या उजेडात तपासल्या. आत गोचीड दाटीवाटीने बसले होते. ते मारून भेगा सिमेंटने बुजवल्या.