डेकम

डेकम : व्यवसायात प्रत्यक्ष काम करणाऱ्या निष्णात कामगारांकडून कामाचे विश्लेषण करून घेऊन तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरविण्याची पद्धती. ‘डेव्हलपिंग अ करिक्युलम’ याचे हे संक्षिप्त रूप.

या पद्धतीचा उगम काही ठिकाणी अमेरिकेत दाखविला जातो. कॅनडाच्या मनुष्यबळ व स्थलांतर खात्याची प्रायोगिक प्रकल्प शाखा आणि न्यूयॉर्कची जनरल लर्निंग कॉर्पोरेशन यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती आखली. या कॉर्पोरेशनकडे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील क्लिंटन येथील महिला जॉब कॉर्प्सचे (सरकारी रोजगार-प्रशिक्षण योजनेचे) तांत्रिक मार्गदर्शन असल्याने अमेरिकेचे नाव जोडले गेले असावे. पद्धतीला आजचे रूप मुख्यतः कॅनडात, नोव्हा स्कोशा प्रांतातील न्यूस्टार्ट या प्रौढ-प्रशिक्षण प्रकल्पात आणि प्रिन्स एडवर्ड बेटावरील हॉलंड कॉलेजात आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जगभर प्रसार करण्याचे श्रेय मात्र ओहायो राज्य विद्यापीठातील रॉबर्ट नॉर्टन यांच्याकडे जाते.

साधारण 5 ते 12 कामगार प्रशिक्षित सूत्रधारासह दोन दिवस बसतात. आधी व्यवसायाची सुमारे 8 ते 12 कार्यक्षेत्रे ठरतात; मग प्रत्येकातील कार्ये एकेका कार्डावर लिहून भिंतीवर तक्त्यासारखी लावतात. एकूण कार्ये बहुधा 75 ते 125 भरतात. कार्याला निश्चित सुरुवात व शेवट हवा, ते पाहता यायला हवे आणि त्यातून वस्तू, सेवा किंवा निर्णय निघायला हवा. उदाहरणार्थ, यंत्रावर ‘टूल ऑफसेट सेट करणे’ (कापणाऱ्या हत्याराच्या मापाची दुरुस्ती भरणे) हे कार्य. ‘धातूंची माहिती असणे’ हे नव्हे. ज्ञान, हत्यारे व वृत्ती यांच्या याद्या वेगळ्या ठेवतात. पुढे इतर कामगारांकडून प्रत्येक कार्याचे महत्त्व, वारंवारता व शिकण्यातील अवघडपणा तपासून घेतात.

गटात शिक्षक किंवा साहेब बसले की तक्त्यात काम काय आहे याऐवजी काय असावे ते उतरते. हाताखालची माणसे गप्प राहतात. याहून खोल अडचण निष्णाताच्या सवयीची आहे. चिप्सचा (धातूच्या कापट्यांचा) रंग किंवा कापण्याचा आवाज बदलताच फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी करणारा यंत्रावरचा ऑपरेटर तो निर्णय सांगायला विसरतो, कारण तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. त्यामुळे तक्त्यावरून थेट धडे लिहू नयेत. निवडलेल्या कार्यांसाठी एकदोन निष्णातांना प्रत्यक्ष काम करायला लावून पायऱ्या, खुणा, निर्णय, नेहमीच्या चुका व सुरक्षेच्या बाबी स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात. ही पायरी वेळखाऊ म्हणून सर्रास गाळली जाते आणि अभ्यासक्रम नुसती कामांची यादी होऊन बसतो.

कामावरून अभ्यासक्रम ठरविण्याच्या याच विचाराशी जवळचे उदाहरण महाराष्ट्रात आहे : महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची पदविका अभ्यासक्रमाची ‘आय’ योजना भोपाळच्या राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, उद्योगाला लागणाऱ्या क्षमता केंद्रस्थानी ठेवून तयार झाली.