युद्धात बंदी, हरणासाठी सक्ती

१८९९ साली हेगच्या परिषदेत एक जाहीरनामा निघाला. माणसाच्या शरीरात शिरल्यावर सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, असं त्यात ठरलं. रोख होता कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेल्या गोळ्यांवर, ज्यांच्या टोकाचं शिसं उघडं ठेवलेलं असे. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा मात्र याच्या नेमका उलट. हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही पूर्ण कवचाची, म्हणजे टोकासकट शिसं कठीण धातूत मढवलेली, न पसरणारी गोळी हरणाला चालत नाही.

हे कुणाला सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘केवढा हा क्रूरपणा!’ पण न पसरणारी गोळी अनेकदा जेमतेम आपल्या जाडीचं भोक पाडून पलीकडून निघून जाते. हरीण पळतं आणि तासन् तास तडफडून कुठल्या तरी झुडपात मरतं. फुप्फुसातून जाताना पसरलेली गोळी एवढा रक्तस्राव घडवते की रक्तदाब कोसळून जनावर काही सेकंदांत बेशुद्ध होतं. तेवढ्यातही ते पन्नास-शंभर मीटर धावू शकतं, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज चितळ-सांबराला हात लावायची सोय नाही, आणि ते उत्तमच आहे. तेव्हा आपण फक्त भौतिकशास्त्र पाहू.

आधी सिनेमातली गोळी डोक्यातून काढू. गोळी लागताच खलनायक चार फूट मागे उडतो, ती थाप. हरणासाठी अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी गोळी १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची असते. ती ताशी नव्हे, सेकंदाला ८०० मीटरने आदळली आणि ७० किलोच्या हरणातच रुतून बसली, तरी संवेग अक्षय्यतेच्या नियमाने हरणाला मिळणारा वेग सेकंदाला ११ सेंटिमीटर. गोगलगायीहून बरा, इतकंच. जनावर उडवण्याइतका धक्का गोळीत असता, तर बंदूक झाडणारा त्याच्या आधी पाठीवर पडला असता. काडतुसांच्या खोक्यांवर ‘जबर तडाखा’ छापाचे जे दावे असतात, ते याच नियमापुढे लटके पडतात.

मग गोळी पसरते कशाने? हाडावर आपटून, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्यासाठी हाड लागतच नाही. विहिरीत उडी चुकून पोटावर पडली की पाणी किती टणक होतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला पुढचं पटकन कळेल. पाणी बाजूला सरायला वेळ मागतं. तो दिला नाही, तर ते दाब देतं. हा दाब घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की मिळतो. मांस म्हणजे बहुतांश पाणीच, घनता हजार किलो प्रति घनमीटर धरू. वेग ८०० मीटर प्रति सेकंद. अर्धा गुणिले हजार गुणिले सहा लाख चाळीस हजार, म्हणजे ३२ कोटी पास्कल. हवेच्या दाबाच्या सुमारे ३,२०० पट! शुद्ध शिसं याच्या दहाव्या हिश्शाहून कमी ताणातच कायमचं वाकतं. एवढ्या दाबाखाली ते घन असूनही वाहायला लागतं, टोक मागे वळतं, बाहेर फाकतं. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं.

आता त्या सूत्रातला वर्ग पुन्हा पाहा. अंतर वाढलं की हवेच्या विरोधाने वेग घटतो, आणि वेग निम्मा झाला की दाब पावच उरतो. म्हणून जवळून सुंदर फाकणारी गोळी खूप लांबून न फाकताच आरपार जाते. लांबच्यासाठी मऊ केलेली गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली, तर वरवरच चुरा होते. गोळी निवडणं म्हणजे कुठल्या वेगाला तिने किती मोडावं, हे ठरवणं. कवच टोकाला पातळ आणि बुडाकडे जाड ठेवतात ते यासाठीच. १९४६ साली कॅनडात जॉन नोस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसवर, म्हणजे तिथल्या दांडग्या हरणावर, फुटून गेल्या. त्यातून त्यांनी मधे तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत असलेली गोळी बनवली. भिंतीपुढचं शिसं फाकतं, मागचं शाबूत राहून खोल जातं. काय साधी युक्ती!

पण वाहणाऱ्या शिशाचे बारीक कणही उडतात. मारलेल्या हरणाचा एक्स-रे काढला तर जखमेपासून वीतभर लांबही ते दिसतात. शिकारी आतडी रानातच टाकून येतात आणि ती गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाचा काँडॉर हा तिकडचा गिधाडवर्गीय पक्षी १९८२ मध्ये २२ पक्ष्यांवर आला होता. पिंजऱ्यात वाढवून तो पुन्हा रानात सोडला, तरी तिथे त्याचा सर्वांत मोठा मारेकरी शिसंच ठरला. पोटातल्या तीव्र आम्लात ते विरघळून रक्तात जातं. आपली गिधाडं मेलेल्या गुरांमधल्या डायक्लोफिनॅकने गेली. विष वेगळं, वाट तीच, मेलेल्या जनावराची. आपण २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद केलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

पर्याय म्हणजे अख्ख्या तांब्याची गोळी. तांबं शिशाइतकं मऊ नाही, म्हणून टोकाला पोकळी ठेवतात. तो प्रचंड दाब पोकळीत शिरून भिंती आतून उलगडतो, बहुधा चार-सहा पाकळ्यांत, आणि गोळीचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. अडचण दुसरीच. तांब्याची घनता पाण्याच्या ८.९ पट, शिशाची ११.३ पट. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला हवेत सरळ ठेवायला जास्त वेगाने फिरवावं लागतं, आणि ते फिरणं नळीतल्या आट्यांनी कायमचं ठरवून टाकलेलं असतं. दर दहा इंचांना एक फेरा देणाऱ्या नळीतून ८५० मीटर प्रति सेकंदाने निघालेली गोळी मिनिटाला दोन लाख फेरे घेते. लांबुळक्या गोळीला कधी कधी तेही पुरत नाहीत.

यावर जाणकार शिकारी १५० ऐवजी १३० ग्रेनची तांब्याची गोळी घेतात. ती आखूड असल्याने सरळ जाते. शिवाय हलकी म्हणून जास्त वेगाने निघते, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे कडक तांबं फाकायला लागणारा जोरही तिला तिथूनच मिळतो.